हसण्याला सुतक नसतं

एका सुनेने भवानीला नवस बोलला. सासरा गावाला गेलाय, तो तिकडेच संपू दे. सासू छळते, तिलाही घेऊन जा. जाऊ तोंडाळ आहे, नणंदेचं पोर किरकिर करतं, त्यांचंही काहीतरी बघ. आणि सगळ्यात शेवटी नवरा! त्यालाही ने म्हणजे मी मोकळी. एवढं केलंस तर तुला रोडगा वाहीन. आख्ख्या सासरच्या बदल्यात काय, तर एक जाड भाजलेली कणकेची भाकर.

मैत्रिणींनो, हे एखाद्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातलं नाही. हे भारूड आहे आणि ते लिहिलंय पैठणच्या संत एकनाथांनी. ज्यांनी भागवतावर टीका लिहिली, भावार्थ रामायण लिहिलं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, त्याच नाथांनी. सोळाव्या शतकातला हा थोर माणूस बायकांच्या मनातलं इतकं नेमकं कसं ओळखून होता कोण जाणे! आजही सप्ताहात हे भारूड सुरू झालं की बायका पदर तोंडाला लावून हसतात. सुना हसतात, सासवाही हसतात. मग भारूडकार हळूच अर्थ उलगडतो. सासरा, सासू, नणंद ही सगळी आपल्याच मनातली माणसं. अहंकार, मत्सर, कटकट, हाव. ती गेली की जीव एकटा राहतो आणि मग देव भेटतो. आधी पोट धरून हसायचं, मग डोळे पुसत घरी जायचं. आपल्याकडे श्रद्धा अशीही शिकवली गेली आहे.

असं असूनही आपल्या घरात मात्र दोन कप्पे असतात. एका कप्प्यात पोथी, आरती, उपास. दुसऱ्यात कादंबरी, सिनेमा, विनोदी मालिका. पहिला कप्पा पुण्याचा, दुसरा टाइमपासचा. बाई दुपारी पोथी घेऊन बसली तर घरातलं कोणी हाक मारत नाही. तीच कादंबरी घेऊन बसली की, ‘काही काम नाही वाटतं?’ सिनेमाला जायचं तर तो देवाचा असला म्हणजे बरं. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा बायका थिएटरच्या बाहेर चपला काढून आत गेल्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळली. माझी आई त्यातलीच एक. पण त्याच आईला शेजारणीबरोबर विनोदी सिनेमाला जायचं असलं की घरी ‘भजनाला जाते’ असं सांगावं लागे. देवाच्या नावाने जायला परवानगी, हसायला नाही!

हे सगळं आज लिहायचं कारण जरा घरचं आहे.

चार वर्षांपूर्वी आमचे हे अचानक गेले. संध्याकाळी अंगणात झाडांना पाणी घातलं, आत येऊन खुर्चीवर बसले, छातीत दुखतंय म्हणाले आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एक्कावन्न. घरात मी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि पुण्याला नोकरी करणारी लेक. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि घर एवढं मोठं झालं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला नको वाटायचं.

गावातली माणसं मायाळू. जो येई तो काहीतरी वाचायला देई. कोणी गरुडपुराण, कोणी गुरुचरित्र, कोणी नामस्मरणाची वही. मी ते सगळं वाचलं. मनापासून वाचलं. पण डोळे ओळींवरून पुढे जात आणि मन त्या खुर्चीपाशीच थांबलेलं असे. पोथीत काही उणं होतं असं मुळीच नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर माळकरी, हरिपाठ केल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्यांचा आधार मी रोज डोळ्यांनी बघत होते. मला मात्र तो सापडत नव्हता, आणि देवाचा रागही येत होता. तो राग बोलून दाखवायची सोय नव्हती. अशा वेळी बाईने रडावं एवढीच लोकांची अपेक्षा असते.

अडीच-तीन महिन्यांनी लेक सुट्टीवर आली. एका रात्री झोप येईना म्हणून तिने मोबाइलवर पु. ल. देशपांडे लावले. ‘नारायण’. यांना ते फार आवडायचं. पूर्वी रविवारी सकाळी आमच्याकडे टेपरेकॉर्डरवर पुलंची कॅसेट लागायची आणि हे दाढी करता करता पुढचं वाक्य आधीच म्हणायचे. लग्नातली साडीखरेदी सुरू झाली आणि मला एकदम हसू फुटलं. चांगलं खळखळून. लेकही हसायला लागली. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या उघड्या. दुसऱ्या दिवशी नळावर कुजबुज झालीच. नवरा जाऊन तीन महिने नाहीत झाले आणि घरात हसण्याचे आवाज! शेजारच्या एक बाई तर घरीच आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, “मावशी, लोक काय म्हणतील? सुनेला जरा सांगा.”

मी आत ओट्यापाशी उभी होते. हातपाय गार पडले. सासूबाईंचा मुलगा गेला होता. त्यांना काय वाटलं असेल?

सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “हसू दे गं तिला. माझा मुलगा हसरा होता. त्याच्या घरात हसू ऐकू आलं तर मला बरं वाटतं. सुतक रडण्याचं धरा हवं तर, हसण्याला सुतक नसतं.” त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “ते लग्नाचं लाव बरं पुन्हा. मला काल नीट ऐकू आलं नाही.”

त्या दिवसापासून माझ्या वाचनाकडे, सिनेमाकडे बघायची माझी नजर बदलली. करमणूक म्हणून जे आपण बाजूला ठेवतो, त्यात जगण्याला धरून ठेवणारं किती असतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

आता हा ‘नारायण’च घ्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकातला. याच पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नारायण म्हणजे कुठल्याही लग्नात सगळी कामं अंगावर घेणारा माणूस. साड्यांच्या दुकानात तोच, आचाऱ्याकडे तोच, रुसलेल्या व्याह्यांपुढे तोच. लग्नघरात सतत ‘नारायण, नारायण’ असा पुकारा. आणि लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, की दमून कुठेतरी कोपऱ्यात पडलेला. त्याचं कोणाला फारसं भानही नसतं. आपण हसत हसत ऐकतो आणि शेवटी गळ्यात आवंढा येतो. कारण नारायण आपल्या प्रत्येकीच्या घरात होऊन गेलेला असतो. आमच्याकडे तर तो नवराच होता. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, हे पुढे. देवळात फारसे जात नसत. पण नारायणाबद्दल ऐकताना मला कळलं की यांची पूजा दुसरीकडे चालली होती. मांडवात, दवाखान्यात, दुसऱ्याच्या अडचणीत. कुठल्याही सांत्वनाने मला हे सांगितलं नव्हतं. ते एका विनोदी लेखाने सांगितलं.

लिहिणाऱ्या माणसाचंही तसंच. पुलंनी आयुष्यभर महाराष्ट्राला हसवलं आणि मिळालेल्या पैशांतून पुलं आणि सुनीताबाईंनी किती संस्थांना मदत केली! डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे या दोघांची देणगी होती. दारू-गर्दपायी मोडलेले किती संसार तिथे पुन्हा उभे राहिले. आपण तिकीट काढून हसलो आणि तो पैसा फिरून कुठल्या तरी बाईच्या कुंकवापर्यंत पोचला. याला नुसती करमणूक कसं म्हणायचं?

पुढे मी आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद झाले. गावची वाचनालयं तुम्हाला माहीतच आहेत. लाकडी कपाटं, वर्गणी अगदी थोडी, एक खुर्ची मोडकी. तिथल्या ग्रंथपालबाईंनी हातात ठेवलं ते ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. शाळेत एखादा धडा वाचलेला असतो, तेवढीच आपली ओळख. पूर्ण पुस्तक वाचा, असं मी तुम्हाला अगदी हात जोडून सांगेन.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. वडील इतके सोवळे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. कवी माणूस, लहरी, कधी घर सोडून निघून जाईल नेम नाही. आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी, ब्राह्मणाच्या घरात! लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहान मुलगा पदरात, माहेर-सासर दोन्हीकडे बोलणी. काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली. मग त्या त्यांच्याकडे गेल्या, तेही आपलं सोवळं सांभाळून. वेगळी चूल, वेगळं पाणी.

आता हे सगळं लिहायचं म्हटलं तर किती रडकं झालं असतं! पण या बाईने ते असं लिहिलंय की पानापानाला हसू येतं. वडिलांच्या सोवळ्यावर हसू, नवऱ्याच्या विसरभोळेपणावर हसू, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. शाळेत न गेलेली बाई, स्वयंपाकघरात बोलतो तशा भाषेत लिहिते. या हसण्याच्या आड तिचा स्वतःचा विचार चाललेला असतो. माणसामाणसांतल्या या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर जन्मतःच काही खूण दिली असती. विचार करता करता एक दिवस तिच्या मनातून विटाळ निघून गेला, आणि तो कोणी उपदेश केला म्हणून नव्हे. पुढे तिनेही धर्म बदलला. पण मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की तिची श्रद्धा उसनी नव्हती. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही, तिची स्वतःची. धर्म कोणताही असो, आपल्यापैकी किती जणींची श्रद्धा अशी स्वतःची असते?

टिळक गेले १९१९ साली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली. म्हणजे हे हसरं पुस्तक एका विधवा बाईने लिहिलेलं आहे. आणि टिळकांनी सुरू करून अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही तिनेच पुरं केलं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. नळावरच्या कुजबुजीला माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं. नवऱ्याच्या आठवणीत हसणं म्हणजे त्याला विसरणं नव्हे.

पण तो देवावरचा राग? तो मनात होताच. तो सुटला एका जुन्या सिनेमामुळे.

आषाढी एकादशीला सासूबाईंना उपास असतो आणि त्या दिवशी दुपारी त्या झोपत नाहीत. त्यांच्यासाठी मी ‘संत तुकाराम’ लावला. प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ सालचा. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झालेले. मुंबईत हा सिनेमा वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. आपल्या मराठी मातीतला, देहूच्या वाण्याचा सिनेमा!

सासूबाई तुकोबांसाठी बघत होत्या. मी मात्र आवलीवरच खिळले. गौरी नावाच्या नटीने ती भूमिका केली आहे. काय बाई उभी केली आहे! घरात दाणा नाही, पोरं भुकेली, नवरा देवापुढे टाळ कुटत बसलेला आणि ही म्हशीचं शेण काढते, भांडते, कडाकडा बोटं मोडते. थिएटरमधली माणसं तिच्या तोंडाळपणाला हसली असणार, आम्हीही हसलो. मग पोरगं आजारी पडतं. औषधाला पैसा नाही. आणि ही आवली त्या पोराला घेऊन, पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात जाते. विठोबाला जाब विचारायला!

मी सासूबाईंकडे बघितलं. माळकरी बाई, विठोबावर वहाण उगारलेली बघून त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, “भांडते म्हणजे तो आहे असं मानते ना! जो नाहीच त्याच्याशी कोण भांडतं?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मीपण भांडले त्याच्याशी. पोरगा नेलास म्हणून. कोणाला सांगितलं नाही एवढंच.”

इतके महिने आम्ही दोघी एका घरात, एकाच माणसासाठी झुरत होतो. मला वाटायचं त्यांची श्रद्धा शाबूत आहे आणि माझी तुटली. त्यांना वाटायचं सुनेपुढे आपण खचून चालणार नाही. त्या दिवशी आवलीने आम्हा दोघींना बोलतं केलं. सिनेमाच्या शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, आवली मागे राहते, पोरांपाशी, चुलीपाशी. ते बघून सासूबाई म्हणाल्या, “मागे राहणारीलाच खरं निभवावं लागतं.” प्रवचनात मी असं वाक्य कधी ऐकलं नाही. भांडण हेही नातंच आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी देवघरात पुन्हा दिवा लावायला लागले. माझं सगळं भांडण मिटलं म्हणून नव्हे, तर भांडायला तरी समोर कोणी हवं म्हणून.

सिनेमाचं बळ आणखी एका ठिकाणी जाणवलं. ‘श्वास’ आठवतो ना? संदीप सावंत यांचा, २००४ सालचा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा. कोकणातला आजा आणि त्याचा छोटा नातू. डोळ्याचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. यात चमत्कार होत नाही. कोणी देव प्रकट होत नाही. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर घेऊन जातात, जेवढं बघता येईल तेवढं जग त्याला दाखवायला. बस, एवढंच. हातात एकच दिवस आहे, तो पोरासाठी गोड करायचा. हा सिनेमा ऑस्करला पाठवायचा ठरला तेव्हा खर्चासाठी शाळेतल्या मुलांनीसुद्धा पैसे गोळा केले होते. माझ्या लेकीने खाऊच्या डब्यातले पैसे दिले होते. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं होतं. आता परत बघताना वाटलं, श्रद्धा म्हणजे सगळं नीट होईल असा हट्ट नव्हे. जे होणार आहे त्यात आपल्या माणसाचा हात न सोडणं, हीसुद्धा श्रद्धाच.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच सिनेमे आणि सगळेच विनोद एवढे चांगले का? मुळीच नाही. विनोदाचं दुसरंही एक काम असतं, खरं-खोटं निवडण्याचं. आपण गहू पाखडतो तसं. २०११ सालचा ‘देऊळ’ बघा. हरवलेली गाय शोधत फिरणाऱ्या केशाला उंबराखाली दत्त दिसतो. भोळा, मनापासून श्रद्धा असलेला पोरगा. पण गावात बातमी पसरते आणि बघता बघता तिथे देऊळ, दुकानं, पुढारी, वर्गण्या. आपण पोटभर हसतो, कारण हे सगळं आपल्या गावच्या आसपास पाहिलेलं असतं. शेवटी तोच केशा आपल्या देवाला त्या बाजारातून उचलून नदीत सोडतो. हा सिनेमा देवावर हसत नाही, देवाच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांवर हसतो. यालाही सुवर्णकमळ मिळालं. आणि हेसुद्धा नवीन नाही. ढोंगी साधूंची टिंगल नाथांनी भारुडांत केली, तुकोबांनी अभंगांत केली. आज मोबाइलवर ‘अकरा जणांना पाठवा, चांगली बातमी मिळेल’ असा निरोप येतो, तेव्हा घाबरून पाठवण्यापेक्षा हसून पुसून टाकणारी बाई मला जास्त श्रद्धावान वाटते. तिचा देव तेवढ्यावरून रागावणारा नसतो.

आणि काही विनोद मात्र मी चॅनल बदलून टाकते. पुरुषाने साडी नेसून बाईच्या जाडेपणाची टवाळी करायची, सासूला राक्षसीण ठरवायचं, बायकोला मूर्ख. माझी कसोटी साधी आहे. हसून झाल्यावर मनात कोणाबद्दल माया वाढली की तिरस्कार वाढला? नारायणावर हसून झाल्यावर नारायणाला जेवायला वाढावंसं वाटतं. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांवर हसून झाल्यावर आपल्याच घरातल्या धांदरट माणसाचा राग कमी होतो. मायेचं हसू घरात ठेवायचं, तिरस्काराचं दाराबाहेर.

चिमणरावांवरून आठवलं. सासूबाईंचा सगळ्यात आवडता नट म्हणजे दिलीप प्रभावळकर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर ते चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झालं, तेव्हा तर आमच्याकडे संध्याकाळचा वरण-भाताचा कुकर त्या वेळेच्या हिशोबाने लागायचा. टिपऱ्यांचे आबा रोजची डायरी लिहायचे. घरातलीच छोटी भांडणं, छोटे आनंद. आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये तेच प्रभावळकर गांधीजी झाले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका टपोऱ्याच्या विनोदी सिनेमातून नव्या पिढीला गांधी भेटले. सासूबाई म्हणतात, “बघ, चिमणरावांचा गांधी झाला. हसणाऱ्या माणसात काय काय दडलेलं असतं!”

परवाच्या सप्ताहात तेच रोडग्याचं भारूड झालं. नवऱ्यालाही ने, मला एकटीला राहू दे, या जागी भारूडकार आला आणि आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी चोरून माझ्याकडे बघितलं. नाही म्हटलं तरी काळजात चर्र झालंच. मग तो अर्थ सांगायला लागला आणि माझ्या मनात आलं, एकटेपणा वेगळा आणि एकांत वेगळा. एकटेपणा माझ्यावर येऊन पडला होता. एकांत मला कमवावा लागला. आणि तो कमवायला मला पोथीबरोबर पुलं, लक्ष्मीबाई, आवली आणि श्वासमधल्या आजोबांनी मदत केली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पुस्तक-सिनेमा म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका. मीही गेले होते. देवळात जातो, दवाखान्यात जातो, तसंच वाचनालयातही जायचं. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची गरज नाही.

दोन वर्षांपासून आम्ही आठ-नऊ जणी महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. भिशीसारखंच, फक्त पैशांऐवजी पुस्तक. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, निवडायची भाजी असली तर तीही आणायची. जिला नीट वाचता येत नाही तीही येते, कारण ऐकायला कुठे शाळा लागते? तुमच्या गावातही हे सहज जमेल. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासून करा. चार पानं वाचली की कोणीतरी म्हणेलच, “अगं, आमच्या आजीचंही असंच होतं!” मग पुस्तक बाजूला राहतं आणि बायका बोलायला लागतात. नवऱ्याची दारू, मुलीचं मोडलेलं लग्न, सांधेदुखी, देवावरचा राग. जे कुठेच बोलता येत नाही ते सगळं.

गेल्या महिन्यात एक नवीन बाई आली. पस्तिशीची असेल. नवरा जाऊन चार महिने झालेले, सासरच्यांच्या धाकाने घराबाहेर न पडलेली. जाऊबाईंनीच हाताला धरून आणलं तिला. मागे भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी चिमणराव चाललं होतं. बराच वेळ ती खाली मान घालून बसली होती. मध्येच एका जागी सगळ्या हसल्या आणि तिलाही हसू आलं. लगेच तिने दचकून तोंडावर हात ठेवला आणि इकडेतिकडे बघितलं.

कोणीच तिच्याकडे वळून बघितलं नाही. वाचणारी पुढे वाचत राहिली. सासूबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नुसती हातातली निवडायची मेथी तिच्यापुढे सरकवली आणि जागा करून दिली.